कांद्यावरचं निर्यातशुल्क गेलं, तरी माझ्या भावाच्या कांद्याला भाव का नाही?

परळची पोळीभाजी

मी परळला पोळीभाजी केंद्र चालवते. गिऱ्हाईक म्हणजे पेशंटपाशी राहायला आलेले गावाकडचे नातेवाईक, जवळच्या ऑफिसांतली मुलं आणि चाळीतली दोन-चार म्हातारी जोडपी. झुणका, रस्सा, पावसाळ्यात भजी, कांद्याशिवाय एक दिवस जात नाही. आणि माहेर चांदवड तालुक्यातलं. दादा-वहिनी कांदाच करतात. त्यामुळे कांदा महागला तरी रडू माझ्याच घरात आणि पडला तरी माझ्याच घरात.

२०२५ च्या भाऊबीजेला गेले होते. एप्रिलमध्ये भरलेला उन्हाळ कांदा अजून साठवणीच्या कांदाचाळीत तसाच. वरून बरा दिसतो, फळी काढली की खालून पाणी सुटलेलं. वहिनी आणि दोन बायका नाकाला पदर लावून निवडत बसल्या होत्या. चांगला एकीकडे, मोड आलेला एकीकडे, सडका थेट बांधावर. बाजार समितीत क्विंटलला हजार-अकराशेची बोली लागतेय. दादा म्हणाला, "२०२३ ला बंदी होती, भाव पडला तेव्हा कुणाला शिव्या घालायच्या ते तरी माहीत होतं. आता बंदी नाही, एप्रिलपासून शुल्कही नाही. मग आता कुणाचं नाव घेऊ?" मी म्हटलं, मुंबईत विचारून सांगते. तर म्हणतो, मुंबईत काय विचारतेस, दिल्लीत विचार.

इकडे परत आले तर एक रोजचा मुलगा विचारतो, "मावशी, कांदा एवढा स्वस्त झाला, थाळी का नाही उतरली?" आता तेल, गॅस, पोळ्या लाटणाऱ्या बायकांचा पगार हे त्याला कुठे सांगत बसू! २०२३ च्या दिवाळीच्या आगेमागे कांदा सत्तर-ऐंशीला गेला, तेव्हा मी रश्श्यात कांदा कमी केला आणि दुधी वाढवला. थाळीचा भाव तोच. मग बंदी आली, महिन्याभरात कांदा तीस-पस्तीसवर आला. थाळीचा भाव तरीही तोच. शेजारच्या वडेवाल्यानेही एक पैसा कमी केला नाही. मग दादाचा लाल कांदा मातीमोल करून त्या बंदीने नेमकं कुणाचं पोट भरलं? मी हे बोलून दाखवलं तर तो मुलगा म्हणतो, "देशाची अन्नसुरक्षा असते मावशी."

तेवढं सांगा. शुल्क गेल्यावरही भाव का नाही? आणि माझ्या थाळीतला कांदा म्हणजे देशाची अन्नसुरक्षा, ती कशी काय?

गाळ्यावरचा दिवाणजी

ताई, मी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात एका गाळ्यावर हिशेब लिहितो. मूळचा जुन्नरचा, म्हणजे घरी कांदा आमच्याही आहे.

दादांना सांगा, माल जास्त आहे आणि बाहेरचं गिऱ्हाईक कमी आहे. सरकारी आकड्यांनुसार २०२३-२४ ला देशात सुमारे २४३ लाख टन कांदा झाला, २०२४-२५ ला तो ३०७ लाख टनांवर गेला. २०२४ च्या दिवाळीच्या आगेमागे भाव चढे होते आणि उन्हाळ कांद्याची लागण होते डिसेंबर-जानेवारीत. तेव्हा ज्याच्या विहिरीत पाणी होतं त्याने कांदा लावला. दादांनीही वाढवला असणार, विचारून बघा.

हे दरवेळचंच आहे, जास्त पिकलं तर पडणारच. पण एवढा माल झाला की तो बाहेर जायला हवा, तिथे घोडं अडतंय, आणि ते अडवलंय २०२३ पासून. १९ ऑगस्ट २०२३, शनिवार होता, सरकारने एकदम ४० टक्के निर्यातशुल्क लावलं. नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले. ऑक्टोबरच्या अखेरीस आणखी एक अट आली, टनाला किमान ८०० डॉलर मिळत असतील तरच पाठवा. आणि ७ डिसेंबरला थेट बंदी. म्हणे मार्चअखेरपर्यंतच. मार्च आला, बंदी पुढे ढकलली. उठली ४ मे २०२४ ला. नाशिक आणि दिंडोरीचं मतदान २० मेला होतं, बाकी तुम्ही समजा. उठली तीही किमान ५५० डॉलर आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबरात, विधानसभेच्या तोंडावर, किमान किंमत काढली आणि शुल्क २० टक्के केलं. ते शेवटचे २० टक्के गेले १ एप्रिल २०२५ ला. म्हणजे दादांनी ज्याला "शुल्क गेलं" म्हटलं, ते जायला दीड वर्षाच्या वर लागलं. लावायला एक शनिवार पुरला.

आता कुणी म्हणेल, निर्यात होते तरी किती? २०२२-२३ ला सुमारे २५ लाख टन गेला, म्हणजे उत्पादनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास. एवढ्याने भाव अर्धा होतो? होतो, मी डोळ्यांनी बघितलाय. निर्यातीचा व्यापारी गोल, एकसारखा, चांगल्या रंगाचा माल उचलतो आणि लिलावात बोली तोच वर नेतो. तो उठून गेला की उरलेले वीस व्यापारी एकमेकांकडे बघत बसतात. त्यात डिसेंबरचा कांदा लाल. उन्हाळ चाळीत चार-पाच महिने दम धरतो, लाल काही आठवड्यांत मान टाकतो. शेतकऱ्याला थांबता येत नाही. बंदी नेमकी तेव्हा आली, म्हणून दीड-दोन आठवड्यांत भाव निम्म्यावर.

आणि परळला तो उशिरा का उतरतो, तर गोणी, हमाली, वाराई, टेम्पोचं भाडं हे कांद्याच्या भावावर ठरत नाही. वाशीला १२ रुपयांनी विकलेला कांदा तुमच्या दारात पंचवीसला येतो आणि ४० ने विकलेला पंचावन्न-साठला. मधले तेरा-पंधरा-वीस रुपये कुठे जात नाहीत. गाडीवाल्यालाही दोष देऊ नका, त्याच्या गोणीत तळाला जे सडकं निघतं ते त्याच्याच माथी. भाव निम्मा होतो तो बांधावर. तुमच्यापर्यंत येईस्तोवर त्या निम्म्यातलं थोडंच उरतं.

न्हावा-शेव्याचा क्लार्क

दिवाणजींनी गिऱ्हाईक गेलं म्हटलं, ते कसं गेलं ते मी सांगतो. मी न्हावा-शेवा बंदरात कस्टम क्लिअरिंगवाल्याकडे आहे. कांद्याची शिपिंग बिलं भरण्यात बरीच वर्षं गेली.

बंदीच्या अधिसूचनेत थोडी सवलत असते. जहाजावर चढायला सुरुवात झालेला किंवा कस्टमच्या ताब्यात दिलेला माल जाऊ देतात. पण कसारा घाटात असलेला ट्रक त्यात बसत नाही. व्यापाऱ्याने दुबईच्या किंवा कोलंबोच्या माणसाला दिलेला शब्दही बसत नाही. तिकडचा माणूस दोनदा ऐकून घेतो. तिसऱ्यांदा तो पाकिस्तानचा, इजिप्तचा, चीनचा कांदा बघतो. चव आपल्यासारखी नसते, पण वेळेवर येतो.

आणि हे २०२३ लाच झालं असं नाही. २९ सप्टेंबर २०१९ ला बंदी होती. १४ सप्टेंबर २०२० ला पुन्हा. २०१९ च्या बंदीनंतर बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीला आल्या होत्या, तेव्हा त्यांनी हसत हसत सांगितलं होतं की आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं, मी माझ्या स्वयंपाक्याला कांदा घालू नको म्हणून सांगितलंय. सगळे हसले. बांगलादेश आपलं मोठं गिऱ्हाईक. त्यांनी त्यानंतर घरचा कांदा वाढवायला घेतला आणि आता त्यांचा माल बाजारात असला की आपल्या मालाला परवानगीच देत नाहीत. त्यांनाही त्यांचे शेतकरी आहेतच की.

२०२० ची तर गंमत ऐका. जून २०२० मध्ये वटहुकूम काढून कांदा जीवनावश्यक वस्तूंच्या रोजच्या नियंत्रणातून बाहेर काढला, शेतकरी मोकळा झाला म्हणून पेढे वाटले. १४ सप्टेंबरला निर्यातबंदी. आणि १५ सप्टेंबरला लोकसभेत तेच मोकळं करणारं विधेयक मंजूर! ऑक्टोबरात परत साठ्यावर मर्यादा, घाऊकवाल्याला २५ टन, किरकोळवाल्याला २ टन. आमच्या ऑफिसात त्या महिन्यात काय चालू आहे आणि काय बंद, हे रोज सकाळी फळ्यावर लिहायचे.

माहीमचा निवृत्त

मी बँकेत होतो, म्हणून एक भर. २०१२ च्या पायावरच्या किरकोळ महागाई निर्देशांकात कांद्याचं वजन फक्त ०.६४ टक्के होतं. घरखर्चात शंभरातले चौसष्ट पैसे. पण कांदा वाढतो तो पाच-दहा टक्क्यांनी नव्हे, दुपटीने. टोमॅटो-बटाटा बरोबर चढला की निर्देशांक हलतो. रिझर्व्ह बँकेला महागाई ४ टक्क्यांच्या आसपास, २ कमी किंवा २ जास्त, ठेवायची असते. फोर्टात बसून व्याजदर बदलला म्हणून चांदवडला कांदा जास्त पिकत नाही, हे त्यांनाही ठाऊक असतं. मग दिल्लीच्या हातात झटपट ओढता येईल अशी दोरी एकच उरते, बंदर. शिवाय १९९८ ला दिल्ली राज्यातलं सरकार कांद्याने पाडलं, ती धास्ती कुठल्याच पक्षाच्या मनातून गेलेली नाही.

गोवंडीची रेशन कार्यकर्ती

तुमचं सगळं वाचलं. शेतकऱ्याचं दुखणं खरं आहे. पण माझ्या वस्तीत कांदा ऐंशीचा होतो तेव्हा बायका पाव किलो मागतात आणि भाजीवाला देत नाही, अर्धा किलो घ्या म्हणतो. परळची थाळी उतरली नसेल, पण जी बाई स्वतः चूल पेटवते तिला चाळीस रुपयांचा फरक पडतो. "बंदीने कुणाचंच भलं झालं नाही" हे मला मान्य नाही.

मला राग आहे तो वेगळा. अन्नसुरक्षा हा २०१३ चा कायदा आहे आणि त्यात कांदा नाही. माणशी महिन्याला पाच किलो धान्य आहे, अंत्योदय असेल तर कुटुंबाला पस्तीस किलो. जानेवारी २०२३ पासून फुकट. त्यात डाळ नाही, तेल नाही. आणि मुंबईत ते मिळायला कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ५९ हजारांच्या आत लागतं. महिन्याचे पाच हजारसुद्धा नाही होत! चार घरची भांडी घासणारी बाई या हिशेबाने श्रीमंत. त्यातूनही कागद जमवले तर उत्तर येतं, इष्टांक, म्हणजे लाभार्थ्यांचा ठरलेला कोटा, पूर्ण आहे, कुणाचं नाव कमी झालं की बघू. इष्टांक २०११ च्या जनगणनेवर बांधलेला, वस्ती तेव्हापासून कितीतरी वाढली.

म्हणजे ज्यांच्या नावाने बंदी लावतात, त्यांना हक्काचं धान्य द्यायला पैसे मोजावे लागतात, तिथे हात आखडता. आणि कांदा स्वस्त करायला पैसे मोजावे लागत नाहीत, शेतकरी मोजतो, तिथे रातोरात निर्णय. पोळीभाजीवाल्या ताई, त्या मुलाला हे सांगा.

गहू-तांदळाचं मी वेगळं धरते. मार्च २०२२ च्या उन्हाने गहू करपला, सरकारी खरेदी आदल्या वर्षीच्या ४३३ लाख टनांवरून १८८ लाखांवर आली, तेव्हा मे महिन्यात गव्हाची निर्यात थांबवली. त्यामागे रेशनचं कोठार होतं. ते समजू शकते.

परळची पोळीभाजी

गोवंडीच्या ताई, पटलं. माझ्याकडे पोळ्या लाटायला येते ती शिवडीची. तिचं कार्ड केशरी आहे आणि ती तेच रडगाणं सांगते. तिचं इथे पोट भरावं आणि दादाचाही कांदा विकावा, असं काही जमत नाही का? म्हणजे सरकारने नक्की काय करावं? सरकारी खरेदी आहे ना, नाफेडची?

लातूरकर, मुक्काम कांदिवली

ताई, कांद्यावर एवढं बोललात, तुमच्या झुणक्याच्या बेसनावर बोला की. डिसेंबर २०२३ पासून पिवळा वाटाणा विनाशुल्क आत आला. तो बेसनात मिसळतात हे तुम्हालाही माहीत असेल. आमचा हरभरा मग कुणी घ्यायचा?

तुरीची तर बातच नको. २०१५ ला मुंबईत तूरडाळ दोनशे रुपयांवर गेली. सगळे म्हणाले तूर पेरा, आम्ही पेरली. २०१६-१७ ला विक्रमी पीक आलं, हमीभाव ५,०५० आणि बाजारात त्याच्या खाली. खरेदी केंद्रावर ट्रॅक्टरच्या रांगा, आणि बारदाना संपला म्हणून केंद्र बंद! माझे वडील तुरीच्या पोत्यांवर झोपलेत. तुरीची निर्यात २००६ पासून बंदच होती, ती मोकळी केली सप्टेंबर २०१७ ला, आमची तूर मिळेल त्या भावाला विकून झाल्यावर. मग २०२१ ला तुरीची आयात मोकळी केली, त्यानंतर दरवर्षी मुदत वाढवत आले. मोझांबिकच्या शेतकऱ्याला आपण किती घेणार ते कराराने आधी लिहून दिलं होतं. औसा-निलंग्याच्या शेतकऱ्याला असं कुणी लिहून दिलेलं माझ्या ऐकिवात नाही.

गाळ्यावरचा दिवाणजी

ताई, सरकारी खरेदीचं सांगतो. कल्पना वाईट नाही. उन्हाळ कांदा निघतो तेव्हा एप्रिल-मे-जूनमध्ये घ्यायचा, साठवायचा आणि टंचाईत बाजारात सोडायचा. २०२३ ला ४० टक्के शुल्कावरून गदारोळ झाला, तेव्हा २,४१० रुपये क्विंटलने दोन लाख टन आणखी घेऊ म्हणून जाहीर केलं. तो भाव ऐकायला बरा होता. पण खरेदी मधल्या संस्थांमार्फत होते आणि प्रतवारीची अट अशी की आमच्या गावच्या अर्ध्या लोकांचा कांदा "आकार बसत नाही" म्हणून परत आला. परत आणायचं भाडं आपलंच.

शिवाय घेतलेला कांदा सोडायचा कधी? टंचाईत सोडला तर शेतकऱ्यालाही बोलता येत नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात लासलगावहून रेल्वेने १,६०० टन दिल्लीला नेला, भाव चढे होते, ठीक. २०२५ च्या सप्टेंबरात मात्र बांधावर भाव दहा-बारा रुपये असताना दिल्ली, मुंबई, अहमदाबादेत २४ रुपयांनी सरकारी कांद्याच्या गाड्या फिरल्या. त्या आठवड्यात आमच्या गाळ्यावर किरकोळवाल्यांनी निम्मीच उचल केली. ज्याचा भाव आधीच पडलाय, त्याच्यावर तोच राखीव साठा ओतायचा, हे कुठलं गणित?

मला विचाराल तर सरकारने कांदा स्वस्त ठेवू नये असं मी म्हणत नाही. शेठला हे आवडणार नाही, पण ठेवावा. फक्त त्याचे पैसे तिजोरीतून द्यावेत. बाजारात उतरून चालू भावाने घ्यावा आणि शिवडीच्या बाईला कार्डावर दोन किलो कमी भावाने द्यावा. माझ्या शेठला, मला, तुम्हाला तो साठनेच घेऊ दे, आपण मरत नाही. बंदीमध्ये काय होतं, की मलबार हिलवरच्या माणसालाही स्वस्त कांदा मिळतो आणि त्याचं बिल चांदवडला जातं.

दुसरं, जे काय बंद-चालू करायचं ते रोप टाकायच्या आधी सांगा. पीक उभं असताना नियम बदलायचा नाही, एवढं जरी पाळलं तरी पुष्कळ आहे. शुल्क लावायचंच असेल तर भाव अमक्यावर गेला की इतकं, तमक्यावर गेला की इतकं, असं आधी लिहून ठेवा. मग दुबईवालाही धरून राहील आणि दादांनाही कळेल किती लावायचा ते. चाकणला १९८० ला शरद जोशींनी कांद्यासाठी रस्ता अडवला, तेव्हा माझे आजोबा बैलगाडी घेऊन गेले होते. मागणी भावाचीच होती.

न्हावा-शेव्याचा क्लार्क

दिवाणजी, "आधी लिहून ठेवा" हे छान आहे, पण लिहिणारा निवडणुकीच्या वर्षात ते फाडतो. आणि आपला मालही आपण सांभाळायला हवा. मागच्या वर्षी एका पार्टीने वर गोल कांदा आणि खाली जोड कांदा भरून कंटेनर पाठवला, तिकडून फोटो आले. सगळंच दिल्लीच्या माथी मारू नका.

परळची पोळीभाजी

सगळ्यांचे आभार. काल दादाला फोनवर बरंचसं वाचून दाखवलं. लागण वाढवली होतीस का विचारलं, तर म्हणे हो, शेजाऱ्याचा वाटाही करायला घेतला होता. दिवाणजींचं बरोबर निघालं. तिजोरीतून पैसे देण्याचं त्याला पटलं, पण म्हणाला, देईपर्यंत मी काय करू ते विचार. यंदा निम्म्या रानात मका टाकायचं त्याच्या मनात आहे. इथेनॉलवाले घेतात म्हणे. दिवाणजी, काय वाटतं?

गाळ्यावरचा दिवाणजी

ताई, मका माझा धंदा नाही, पण एक लक्षात ठेवायला सांगा. ७ डिसेंबर २०२३ ला, ज्या दिवशी कांद्यावर बंदी आली त्याच दिवशी, साखर कारखान्यांनाही हुकूम गेला होता की उसाच्या रसापासून इथेनॉल करू नका. साखर महाग होईल म्हणून. मक्याला जी मागणी आली ती त्यानंतर, आणि मक्याच्या इथेनॉलला दरही चांगला दिला. म्हणून सगळीकडे मका झाला. २०२५-२६ ला हमीभाव २,४०० आणि बाजारात बोली त्याच्या बरीच खाली. उद्या कोंबडीवाल्यांनी ओरड केली आणि बाहेरचा मका आत आला, की परत तेच. तरी मका वाळवून ठेवता येतो, कांद्यासारखा पाणी सोडत नाही. निम्मं-निम्मं करत असतील तर मला वावगं वाटत नाही. कांद्याचं रोप टाकलंय का?

परळची पोळीभाजी

हो, वहिनीने टाकलंय. ती म्हणते, दादाचं काहीही ठरू दे, मी रोप मोडणार नाही. उरलं तर शेजाऱ्यांना विकेन. चाळीतला निवडलेला माल या सोमवारी बाजारात नेणार आहेत, काय भाव लागतो ते इथे लिहिते.